रश्मीताईंच्या लेखातली ओळ

रश्मी निंभोरकर साडेसहा वर्षं माझ्या दुकानात येत होत्या, पण त्यांच्याशी माझं खरं बोलणं झालं ते त्यांचे वडील गेल्यावर. तोवर त्या नेहमी घाईत असायच्या. काउंटरवर एक हात ठेवून म्हणायच्या, "मधुकरभाऊ, मोठ्या डायपरचं पाकीट, आणि लवकर द्या, बाबा एकटे आहेत." मी द्यायचो आणि त्या निघायच्या.

शहरातल्या राजपुऱ्यात माझं आजारी माणसांच्या सामानाचं दुकान आहे. पलंग, व्हीलचेअर, वॉकर, कमोडची खुर्ची, लघवीचं भांडं, कमरेचे पट्टे. पलंग आणि हवेच्या गाद्या मी भाड्यानेही देतो. हौसेने कुणी माझ्याकडे येत नाही, आणि काम संपलं की कुणाला माझ्या दुकानाकडे पाहावंसंही वाटत नाही. भाड्याच्या वस्तू परत येतात त्या टेम्पोवाल्याबरोबर, बहुतेक वेळा न धुतलेल्या. त्यावर मी कधी कुरकुर केली नाही. घरात माणूस गेलेलं असतं.

जानेवारी तेवीसमध्ये निंभोरकरांचा पलंग परत आला तेव्हा मात्र मी टेम्पोपाशीच थांबलो. हवेची गादी धुऊन, वाळवून, जुन्या धोतरात गुंडाळली होती. पंपाला दोऱ्याने कागद बांधलेला होता. त्यावर निळ्या पेनाने लिहिलं होतं: "डावीकडून तिसरा कप्पा हवा कमी धरतो. तिथे चादरीची घडी ठेवावी. लाइट गेली की नळी दुमडून तिला रबर लावावं, हवा थोडा वेळ टिकते. पण तेवढ्यावर विसंबू नये, माणसाची कूस बदलत राहावी. हा पंप रात्रंदिवस आवाज करतो. आठवड्यात सवय होते. तो बंद झाल्यावर झोप येत नाही."

हा कागद त्यांनी पुढच्या घरासाठी लिहिला होता. ते कुठलं घर असेल हे त्यांना माहीत नव्हतं. मी तो दोनदा वाचला आणि गल्ल्याच्या काचेखाली ठेवला.

त्याच सुमारास माझे जावई विपुल इंदूरहून आले होते. ते वेबसाइट बनवतात. आमच्या दुकानाचीही त्यांनी बनवून दिली होती, पण त्यावरचे लेख कुणी वाचत नव्हतं. "आपल्या प्रियजनांच्या आरोग्यासाठी सर्वोत्तम" असलं काहीतरी त्यात असायचं. विपुल म्हणाले, "पप्पा, इथलाच कुणीतरी लिहिणारा पाहा. ज्याला यातलं कळतं असा." मी त्यांना काचेखालचा कागद दाखवला.

तेरावं झाल्यावर पंधरा दिवस थांबून मी रश्मीताईंच्या घरी गेलो. पोस्टातून रिटायर झालेल्या दत्तात्रय निंभोरकरांच्या दोन खोल्या. पलंग होता त्या जागी फरशीवर चार पायांचे डाग उरले होते. रश्मीताई तेव्हा शेहेचाळीस वर्षांच्या. लग्न केलेलं नव्हतं. एका खाजगी शाळेत हिंदी शिकवायच्या, वडिलांना लकवा मारल्यावर ती नोकरी सुटली. आई आधीच गेलेली. मोठी बहीण शारदा भुसावळला दिलेली.

"मला काय लिहिता येतं, भाऊ?" त्या म्हणाल्या. "सातवीच्या मुलांचे निबंध तपासायचे मी."

"तो कागद लिहिलात तसंच लिहायचं."

"कोणता कागद?" त्यांना आठवतही नव्हतं.

मार्चपासून त्या येऊ लागल्या. वॉकरच्या खोक्यांच्या मागे मी त्यांना टेबल लावून दिलं. आधी वहीत लिहायच्या, मग कॉम्प्युटरवर उतरवायच्या, एकदा हिंदीत आणि एकदा मराठीत, कारण आमची गिऱ्हाइकं राज्याच्या सीमेपलीकडची, रावेरकडचीही असतात. पहिल्या लेखाचं नाव होतं 'शय्याव्रण : कारणे व प्रतिबंध', म्हणजे अंथरुणावर पडून राहून होणाऱ्या जखमांबद्दल. मी मान डोलावली. तो लेख नऊ जणांनी पाहिला, त्यात विपुल आणि मी धरून.

मग एके दिवशी खकनारकडून भिकन नावाचे एक शेतकरी आले. बायको केळीच्या बागेत पडली होती, मणक्याला मार लागला होता. पलंगाचं बोलणं झालं तरी ते हलेनात. शेवटी म्हणाले, "तिला वळवू कसं? मी एकटा. ती वरडते." मी काही बोलायच्या आत रश्मीताई खोक्यांमागून उठल्या. दुकानातल्या पलंगावर त्यांनी चादर दुहेरी करून आडवी टाकली आणि भिकनरावांनाच वर झोपवलं. "ही खांद्यापासून मांडीपर्यंत आली पाहिजे. तिचा हात ओढायचा नाही, चादर ओढायची. आणि ओढण्याआधी तिला सांगायचं, आता वळवतो. न सांगता वळवलं की माणूस घाबरतं, अंग आखडतं." भिकनराव चपला काढून, टोपी छातीवर धरून पलंगावर पडून होते आणि ऐकत होते.

ते गेल्यावर मी म्हणालो, "ताई, हेच लिहा ना."

त्यांनी लिहिलं. 'घरात एकटेच असाल तर कूस कशी बदलावी'. त्यात भिकनरावांचं नाव नव्हतं, पण ती टोपी होती. तो लेख लोकांनी एकमेकांना पाठवला. पुढे त्यांनी लाइट गेल्यावर काय करावं ते लिहिलं, आणि मग मुलीने बापाला अंघोळ घालण्याबद्दल लिहिलं. पहिल्या दिवशी बाबांनी डोळे मिटून घेतले, असं त्यात होतं. मुलीने डोळे मिटले तर काम होत नाही, म्हणून मग ती पूर्ण वेळ बोलत राहिली, भाजी काय आणली, लाइटचं बिल किती आलं, शेजाऱ्यांची मांजर व्याली. तिसऱ्या महिन्यात बाबांनी डोळे उघडे ठेवले. हे वाचून शहापूरच्या एका बाईंचा फोन आला. फोनवर त्या नुसत्या रडत होत्या. रश्मीताई कानाला फोन लावून बसल्या होत्या, आणि मधूनमधून "हं" म्हणत होत्या.

दुकानाचा धंदा वाढला हेही खरं. पण त्याहून मला नवल वाटायचं ते वेगळ्या गोष्टीचं. तीस वर्षं मी या वस्तू विकतो आहे. घरी गेल्यावर त्यांचं काय होतं हे मला त्या वर्षी कळलं.

दसऱ्यानंतर त्यांनी वडिलांना पलंगावर पडून झालेल्या जखमेबद्दल लिहायला घेतलं. आठ दिवस वही उघडायच्या आणि मिटायच्या. शेवटी वही माझ्यासमोर ठेवून म्हणाल्या, "वाचा."

एकवीस सालच्या ऑक्टोबरमधली गोष्ट होती. त्यांना चिकनगुनिया झाला. बोटं वळेनात, गुडघे वाकेनात. वडील पलीकडे पलंगावर आणि त्या खाली चटईवर. शेजारीण दोन वेळा येऊन खायला घालायची, पण वळवणार कोण? आठ दिवसांत माकडहाडावर लाल डाग पडला. डागावर पावडर लावली, ते चुकलं. डाग फुटला. ती जखम पंधरा महिने, वडील जाईपर्यंत, भरली नाही. काय करायला हवं होतं, डाग कसा ओळखायचा, तो चोळायचा का नाही, डॉक्टरकडे कधी जायचं, हे सगळं नीट क्रमाने लिहिलेलं होतं. मध्ये एक ओळ खोडलेली होती. पण दिसत होती.

"मी ताईला बोलावलं. भुसावळहून गाडीने एक तास लागतो. ती आली नाही."

मी विचारलं, "ही का खोडली?"

"ताई वाचेल."

"त्या कशाला आपली वेबसाइट वाचतील?"

"तरी."

मी वही परत दिली नाही. मला त्या वेळी जे वाटलं तेच मी बोललो. "ताई, बाकीची सगळी माहिती आहे. चांगली आहे. पण या ओळीपाशी मी थांबलो. लोक इथेच थांबतील, आणि थांबले की पुढची माहिती वाचतील. घराघरात हेच आहे. ही ओळ राहू द्या."

त्यांनी माझ्या हातातून वही घेतली. मग खोडलेल्या ओळीखाली तीच ओळ त्यांनी पुन्हा लिहिली.

तो लेख आमच्या सगळ्या लेखांपेक्षा जास्त वाचला गेला. जळगाव, धुळे, खंडवा, पार अमरावतीपर्यंत गेला. फोन करणारे त्या ओळीबद्दलच बोलायचे. "आमच्याकडेपण असंच आहे, ताई. भाऊ सुरतला आहे, फोनवर हुकूम सोडतो." मला वाटलं, पाहा, मी म्हटलं होतं तसंच झालं.

डिसेंबरात एका दुपारी एक बाई दुकानात आल्या. अंगावर स्वेटर, खांद्याला पर्स, चेहरा रश्मीताईंसारखाच, पण भरलेला आणि पिवळट. "रश्मी कुठे आहे?" आतून रश्मीताई आल्या आणि खोक्यांपाशीच थबकल्या. "ताई, तू?"

शारदाताईंनी पर्समधून मोबाइल काढला, चष्मा लावला आणि ती ओळ मोठ्याने वाचली. दुकानात दोन गिऱ्हाइकं होती.

"सागरचं लग्न जमतंय," त्या म्हणाल्या. सागर त्यांचा मुलगा. "मुलीच्या आईने मला हे पाठवलं. विचारलं, ही निंभोरकर म्हणजे तुमचीच बहीण ना?"

"नाव तुझं नाही घातलं मी."

"मला एकच बहीण आहे आणि तुलाही एकच. नाव कशाला लागतं?"

रश्मीताईंचा आवाज चढला. "खोटं तर नाही ना लिहिलं, ताई? मला चमचा धरता येत नव्हता. मी तुला फोनवर सांगितलं. तू म्हणालीस, सागरची परीक्षा आहे."

"परीक्षा नव्हती."

"मग?"

"जळगावला दवाखान्यात होते मी. गाठ काढली. डावीकडची." शारदाताईंनी हात वर नेला, पण स्वेटरला लावला नाही. "तुझा फोन आला तेव्हा नळ्या लावलेल्या होत्या. सागरच्या बाबांनी फोन कानाशी धरला होता."

रश्मीताईंनी हातातलं पेन खोक्यावर ठेवलं. 

"तुला सांगितलं असतं तर काय केलं असतंस? बाबांना कुणाच्या भरवशावर टाकून आली असतीस? आणि बाबांना कळलं असतं तर? बोलता येत नव्हतं, पण कळत तर सगळं होतं ना त्यांना. म्हणून परीक्षा सांगितली. वाटलं, नंतर कधीतरी सांगू. मग बाबा गेले. मग राहून गेलं."

"ताई, मी आत्ता काढून टाकते. आत्ता, तुझ्यासमोर."

"काढ म्हणायला आले नाही. ज्यांनी वाचायचं त्यांनी वाचलं." त्यांनी चष्मा काढून पर्समध्ये ठेवला. "एक तास लागतो म्हणे. बरोबर आहे. एकच तास लागतो."

रश्मीताईंनी पुढे होऊन त्यांचा हात धरला. शारदाताईंनी हात सोडवला नाही, फक्त पर्स दुसऱ्या खांद्यावर घेतली, आणि तेवढ्यात तो सुटला.

मला त्या वेळी बोलायला हवं होतं. ती ओळ तुमच्या बहिणीने खोडली होती, मी ठेवायला लावली, एवढंच सांगायचं होतं. शब्द तोंडात आले होते. पण एका गिऱ्हाइकाने वॉकरच्या पायाचं रबर मागितलं आणि मी ते शोधायला वळलो. रबर समोरच्याच डब्यात होतं. मी खालच्या कप्प्यात वाकून शोधत राहिलो. वर पाहिलं तेव्हा शारदाताई गेल्या होत्या.

लेख त्याच दिवशी काढला. रश्मीताई भुसावळला फोन लावायच्या, तो वाजून बंद व्हायचा. मे महिन्यात सागरच्या लग्नाची पत्रिका पोस्टाने आली. त्या जाऊन आल्या. मी विचारलं, शारदाताई बोलल्या का? म्हणाल्या, "जेवून जा म्हणाली."

त्या काळात त्या लिहायच्या, पण त्यात माणसं नसायची. भांडं कसं धुवावं, पट्ट्याचं माप कसं घ्यावं. 

सप्टेंबर चोवीसमध्ये दुकानाच्या नंबरवर सागरचा फोन आला. शारदाताईंच्या गाठीचा आजार हाडात उतरला होता. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं होतं. "काका, पलंग पाहिजे. आणि मावशी आहे का?" रश्मीताईंनी फोन घेतला, दोन मिनिटं ऐकलं, आणि हवेची गादी कोणती चांगली आहे ते स्वतः हात लावून पाहू लागल्या. टेम्पो भरला तेव्हा त्या पिशवी घेऊन ड्रायव्हरशेजारी चढल्या.

मी खिडकीपाशी गेलो. "शारदाताईंनी बोलावलंय का?"

"नाही. सागरने बोलावलंय."

त्या एकोणीस दिवस तिथे राहिल्या. एकोणिसाव्या दिवशी सकाळी शारदाताई गेल्या.

मी तिसऱ्या दिवशी भेटायला गेलो. रश्मीताई आत बायकांमध्ये होत्या. सागर माझ्याजवळ ओट्यावर येऊन बसला. म्हणाला, पहिले चार दिवस आईने भिंतीकडे तोंड केलं होतं. मावशी दर दोन तासांनी "आता वळवते हं" म्हणायची आणि वळवायची, आणि आई भिंतीकडून खिडकीकडे झाली की डोळे मिटून घ्यायची. मग त्याची रजा संपली, तो कामावर जाऊ लागला, त्यामुळे पुढचं त्याला फारसं ठाऊक नाही. एकदा संध्याकाळी दारातून त्याला ऐकू आलं. आई म्हणत होती, "हे लिहू नकोस." आणि मावशी म्हणत होती, "नाही लिहिणार."

"काय ते मला नाही कळलं," सागर म्हणाला.  "काका, अंघोळ घालताना बायकांनी पाहिलं. आईच्या अंगावर एक जखम नव्हती. एक डागसुद्धा नाही." एवढं बोलून तो रडायला लागला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि रश्मीताईंशी त्या ओळीबद्दल जे बोलायचं होतं ते तसंच परत घेऊन आलो.

रश्मीताई दिवाळीनंतर दुकानात आल्या. टेबलाशी बसल्या नाहीत. काउंटरच्या पलीकडे, गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसल्या. मी शटर अर्धं ओढलं आणि शेवटी बोललो.

"ती ओळ मी ठेवायला लावली. आणि शारदाताई आल्या त्या दिवशी मी रबर शोधत बसलो."

"माहीत आहे मला. रबर समोर होतं."

"मला सांगायला हवं होतं त्यांना."

"काय सांगणार होतात? की रश्मीने खोडली होती?" त्या माझ्याकडे पाहत नव्हत्या, रस्त्याकडे पाहत होत्या. "मधुकरभाऊ, मी एका रेघेने खोडली होती. तुम्हाला वाचता येईल अशी. खरंच नको असती तर पान फाडलं असतं. मला ती ठेवायचीच होती. कुणीतरी ठेव म्हणावं, एवढीच वाट पाहत होते. सहा वर्षांत ताई तीनदा आली होती. ते मला कुणालातरी सांगायचं होतं."

"हे त्यांना सांगितलंत?"

"सांगितलं."

"मग?"

"तिने पाणी मागितलं." मग म्हणाल्या, "राग गेला होता का, ते मला कळलं नाही. मी विचारलं नाही. विचारलं असतं तर ती गेला म्हणाली असती. मग मला ते खरं वाटलं नसतं."

बाकी त्या एकोणीस दिवसांतलं त्यांनी मला काही सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

त्या आता लेख लिहीत नाहीत. वेबसाइटवर विपुल काहीतरी टाकत असतात, ते मी वाचत नाही. पण फोन येतात. जुने लेख कुणाच्या तरी मोबाइलमध्ये फिरत असतात, त्यावर दुकानाचा नंबर असतो. अकरा ते एक रश्मीताई फोनवर असतात. मधूनमधून म्हणतात, "आवाजावरून मला कळत नाही, मी येऊन पाहते," आणि बसने जातात. घरी तशीही वाट पाहणारं कुणी नाही. त्या दोन खोल्यांत त्यांनी अजून फरशीचे डाग घासलेले नाहीत. मी एकदा म्हटलं, माणूस पाठवतो, तर नको म्हणाल्या.

गेल्या बुधवारी त्या देडतलाईला गेल्या होत्या. समाधान म्हणून कुणी आहे, त्याची आई सोजरबाई अंथरुणाला खिळली आहे. मी गाडी घेऊन सोबत गेलो, गादी पोचवायची होती म्हणून. म्हातारी कापसाच्या ढिगाशेजारच्या खोलीत होती. रश्मीताईंनी चादर दुहेरी केली, समाधानला पलीकडे उभं केलं आणि म्हातारीच्या कानाशी वाकून सांगितलं, "आजी, आता वळवते हं." म्हातारीने त्यांचं मनगट घट्ट धरलं आणि सोडेचना. रश्मीताई तशाच वाकून उभ्या राहिल्या. पाच मिनिटं तरी असतील.

निघताना समाधान म्हणाला, "ताई, तुम्ही मोबाइलवर लिहत होत्या ना, ते बंद काऊन केलं? आमच्या गावात सगळे वाचत होते."

"जमत नाही आता," त्या म्हणाल्या.

गाडी खकनारपाशी आली तेव्हा रश्मीताईंचे डोळे ओले होते. त्यांनी ते पुसले नाहीत. मग पिशवीतून चष्मा काढून म्हणाल्या, "सोजरबाईंची उजवी टाच लाल आहे, भाऊ. टाचेला बांधायच्या मऊ फोमच्या गाद्या आहेत ना आपल्याकडे? उद्या पहिल्या बसने पाठवा."

मी म्हटलं, "पाठवतो."